डिझेल स्विचरचे हँडरेल आणि त्यांचं अचूक मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न मला पुन्हापुन्हा येतात, कधी फोटोसकट, कधी नुसतं "दादा हे बरोबर आहे का" एवढंच. दरवेळी वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. सगळं बोलणं अमेरिकन स्विचर आणि त्यांच्या छोट्या प्रतिकृतींबद्दल (मॉडेल रेल्वे) आहे. प्रश्नांना नंबर दिलेत, एक गोष्ट दोनदा सांगायची नाहीये म्हणून मधे मधे "प्र. ५ बघा" असं येईल तेव्हा तिथे जाऊन वाचा.

१. स्विचर म्हणजे नक्की कुठलं इंजिन? आणि हँडरेलवर एवढं काय बोलायचं असतं?

आपण ज्याला शंटिंगचं इंजिन म्हणतो ते. यार्डात डबे इकडचे तिकडे करणारं, एका टोकाला कॅब (चालकाची खोली) आणि पुढे लांब हूड (यंत्र झाकणारी पेटी). ईएमडीचं एनडब्ल्यू२ (१९३९ ते १९४९), एसडब्ल्यू७ (१९४९ ते १९५१), एसडब्ल्यू१२०० (१९५४ ते १९६६), अल्कोचं एस-२ (१९४० ते १९५०), बाल्डविनचं व्हीओ-१००० (१९३९ ते १९४६), ही नावं सारखी ऐकू येतील. ईएमडी, अल्को आणि बाल्डविन या इंजिन बनवणाऱ्या अमेरिकन कंपन्या.

हँडरेलवर बोलायचं कारण असं की यार्डातला माणूस दिवसभर या इंजिनावर चढतो, उतरतो, लटकतो, त्यामुळे सुरक्षेचे नियम बदलले की सगळ्यात आधी हँडरेल आणि पायऱ्या बदलल्या. इंजिन तीस-चाळीस वर्षं चाललं, मालक दोन-तीनदा बदलले, आणि प्रत्येकाने काहीतरी वेल्डिंग केलं. म्हणून हँडरेल नीट बघितले तर त्या इंजिनाचा अख्खा इतिहास कळतो, आणि चुकले तर बाकी रंगकाम कितीही सुंदर असू दे, जाणकाराच्या डोळ्यात तेच पहिलं खुपतं.

२. हँडरेल, ग्रॅब आयर्न, स्टँचियन, एंड रेलिंग… नेमकं कशाला काय म्हणायचं?

हँडरेल म्हणजे चालताना किंवा चढताना धरायची लांब दांडी. स्टँचियन म्हणजे ती दांडी ज्याच्यावर टेकते तो खांब. दांडी हूडच्या अंगालाच लावलेली असेल तर खांब नसतो, छोटे ब्रॅकेट असतात. ग्रॅब आयर्न म्हणजे हात धरायची आखूड कडी, हेडलाइटपाशी किंवा वाळूची टाकी भरायला वर चढताना लागते ती. एंड रेलिंग म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या प्लॅटफॉर्मवरचा आडवा कठडा. आणि पायरीच्या दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या असतात, त्यांना मी खाली सगळीकडे "उभ्या दांड्या" म्हणणार आहे, कारण नियम मुख्यतः त्यांच्याभोवतीच फिरतात.

३. रोड इंजिनाला (लांबच्या गाड्या ओढणाऱ्या) कठडा फुटप्लेटच्या, म्हणजे हूडशेजारच्या चालायच्या पट्टीच्या, बाहेरच्या कडेला असतो, मग जुन्या स्विचरला दांडी हूडलाच चिकटलेली का दिसते?

स्विचरचा हूड रुंद आणि बाजूची फुटप्लेट अरुंद. बाहेरच्या कडेला कठडा उभा केला तर माणसाला सरकायला जागाच उरत नाही, शिवाय इंजिनाची देखभाल करायला हूडची दारं बाहेर उघडतात. म्हणून दांडी हूडच्या अंगाला लावली, माणूस हूडकडे तोंड करून ती धरून चालतो. मॉडेल करताना एवढं लक्षात ठेवा की दारं उघडता यायला हवीत, म्हणजे दांडी आणि तिचे ब्रॅकेट दारांच्या आड येता कामा नयेत. बरेच जण ब्रॅकेट एकसारख्या अंतरावर मोजून बसवतात आणि मग एखादा बरोबर दाराच्या मधोमध येतो. अंतर समान असायलाच हवं असं काही नाही, फोटोत जिथे दिसतं तिथेच भोक पाडा.

४. माझ्याकडे एकाच प्रकारच्या दोन इंजिनांचे फोटो आहेत आणि दोघांचे हँडरेल वेगळे आहेत. बरोबर कुठलं?

दोन्ही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"एसडब्ल्यू९ चे हँडरेल कसे असतात" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. फॅक्टरीतून निघतानाच रेल्वे कंपनी पर्याय मागायची, कुणाला दोन इंजिनं जोडून एकाच कॅबमधून चालवायची सोय हवी, कुणाला नको, आणि त्यावरून टोकाचा कठडा ठरायचा (प्र. ७). मग कंपनीच्या स्वतःच्या वर्कशॉपच्या सवयी. मग अपघात, एक कोपरा ठोकला गेला तर जो पाइप हाताशी होता त्याने दुरुस्ती, म्हणून एकाच इंजिनाचे चार कोपरे चार तऱ्हेचे असू शकतात. मग १९७० च्या दशकातले नियम (प्र. ५). मग विक्री, आणि नव्या मालकाच्या गरजा.

म्हणून मी पहिल्यांदा विचारतो की नंबर कुठला आणि साल कुठलं. या दोन गोष्टी ठरल्या की बाकी सगळं फोटो सांगतो. नुसता मॉडेलचा प्रकार ठरवून काम सुरू केलं की तुम्ही चार वेगळ्या इंजिनांचे तुकडे एकत्र करून असं काहीतरी बनवता जे कधी अस्तित्वातच नव्हतं. माझं स्वतःचं पहिलं एनडब्ल्यू२ तसंच झालं होतं, पुढचं टोक एका इंजिनाचं आणि मागचं टोक पंचवीस वर्षांनंतरच्या दुसऱ्याच इंजिनाचं. ते परत सोडवून पुन्हा बांधायला मला मूळ कामापेक्षा जास्त वेळ लागला.

फोटो किमान चार बघा, दोन्ही बाजू आणि दोन्ही टोकं. बिल्डरने, म्हणजे इंजिन बनवणाऱ्या कंपनीने, काढलेला फोटो सुंदर असतो पण त्यात इंजिन फॅक्टरीतून बाहेर पडतानाचं आहे, रेल्वेने नंतर काय जोडलं ते त्यात नसणार.

५. माझं लेआउट (मॉडेल रेल्वेचा मांडलेला देखावा) १९५० च्या दशकातलं आहे. फुटबोर्ड ठेवायचे का काढायचे, आणि त्याचा हँडरेलशी काय संबंध?

ठेवायचे. आणि संबंध फार जवळचा आहे.

फुटबोर्ड म्हणजे इंजिनाच्या टोकाला, कपलरच्या (डबा जोडायच्या आकड्याच्या) दोन्ही बाजूंना, रुळाच्या अगदी जवळ बसवलेली आडवी फळी. जुन्या नियमांत तिची उंची रुळाच्या माथ्यापासून ९ ते १२ इंच. ब्रेकमन (डबे जोडणारा-सोडणारा कामगार) तिच्यावर उभा राहून चालत्या इंजिनासोबत जायचा आणि धरायला त्याला टोकाला आडवी दांडी लागायची. काम धोक्याचं होतं, पाय घसरला तर माणूस सरळ चाकाखाली. १९७० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने शंटिंगच्या इंजिनांसाठी नवीन नियम आणले. १ एप्रिल १९७७ पासून बांधलेल्या इंजिनांना ते थेट लागू झाले आणि त्याआधीच्या इंजिनांना १ ऑक्टोबर १९७९ पर्यंत मुदत दिली. टोकाची फळी गेली आणि तिच्या जागी कोपऱ्यातल्या जिन्याची खालची पायरी मोठी झाली, किमान २४ इंच रुंद आणि १२ इंच खोल, रुळापासून १९ इंचांपेक्षा उंच नाही, जमल्यास १५ इंच. ब्रेकमन आता टोकाला समोर नाही तर कोपऱ्यात उभा राहणार, म्हणून पायरीच्या दोन्ही बाजूंना उभी दांडी सक्तीची झाली.

एचओमध्ये (१:८७ मापाच्या मॉडेलमध्ये) ही पायरी ७ मिमी रुंद आणि साडेतीन मिमी खोल येते. जुन्या पायरीपेक्षा ती नजरेला लगेच मोठी वाटते आणि तिने इंजिनाच्या कोपऱ्याचा चेहराच बदलतो.

थोडक्यात, १९५० किंवा १९६० चं दशक असेल तर फुटबोर्ड आणि जुन्या अरुंद पायऱ्या, १९८० नंतरचं असेल तर फुटबोर्ड नाही, रुंद पायऱ्या आणि पूर्ण उभ्या दांड्या. मधली काही वर्षं सरमिसळीची, एकाच यार्डात दोन्ही तऱ्हा दिसतील, तिथे फोटोवरची तारीख बघितल्याशिवाय हात लावू नका. याला अपवाद आहेत, ते प्र. १५ मध्ये.

६. पायरीजवळच्या दांड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगवलेल्या दिसतात. ते कधीपासून आणि किती उंचीपर्यंत?

प्र. ५ मधल्या त्याच नियमात आहे. उभी दांडी किमान १ इंच जाडीची, मागे हात जायला अडीच इंच मोकळी जागा, आणि पायरीच्या पृष्ठभागापासून किमान ४८ इंच उंचीपर्यंत उठून दिसणारा रंग. ४८ इंच म्हणजे एचओमध्ये बरोबर १४ मिमी, एनमध्ये (१:१६०) ७.६ मिमी आणि ओमध्ये (१:४८) २५.४ मिमी. कुठला रंग ते नियम सांगत नाही, फक्त मागच्या रंगापेक्षा वेगळा दिसला पाहिजे, म्हणून काळ्या इंजिनावर पांढरा चालतो आणि पिवळ्या इंजिनावर तोच पिवळा चालणार नाही.

पण उलटा अर्थ काढू नका. पांढरी दांडी दिसली म्हणजे फोटो १९७७ नंतरचाच असं नाही, काही रेल्वे स्वतःच्या सवयीने आधीपासून दांड्यांची टोकं पांढरी रंगवायच्या. नियमाने काय सक्तीचं होतं आणि कंपनी आपणहून काय करत होती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अजून एक, फोटोत रंग ४८ इंचांवर कापल्यासारखा थांबलेला क्वचितच दिसतो, पेंटर जिथे वाकण येतं तिथपर्यंत मारत गेलेला असतो. ४८ हा किमान आकडा आहे.

७. टोकाच्या कठड्याला मधेच फट आणि साखळी असते ती कशासाठी? माझ्या मॉडेलला ती पाहिजे का?

दोन इंजिनं एकत्र जोडून एका कॅबमधून चालवायची असतील, ज्याला सगळे एमयू म्हणतात, तर माणसाला एका इंजिनावरून दुसऱ्यावर जाता यायला हवं. त्यासाठी कठड्याच्या मधोमध वाट ठेवतात आणि तिथे बिजागरीची लोखंडी फळी असते, ड्रॉप स्टेप. पुढे इंजिन जोडलं की ती खाली पाडायची, दोघांमधे पूल तयार होतो आणि दोन्ही बाजूंच्या साखळ्या पलीकडच्या इंजिनाला अडकवायच्या. एकटं असेल तेव्हा फळी वर उभी आणि साखळी आडवी लावून वाट बंद.

आजच्या नियमात रोड सर्व्हिसमध्ये एमयूने चालणाऱ्या उघड्या प्लॅटफॉर्मच्या इंजिनांना सुरक्षित वाट असावी लागते आणि टोकाला पूर्ण रुंदीभर, किंवा मग दोन इंजिनांच्या मधे, अखंड अडसर असावा लागतो.

तुमच्या मॉडेलसाठी सोपी कसोटी: टोकाला एमयूचे होस (हवेच्या नळ्या) आणि मोठा इलेक्ट्रिक रिसेप्टॅकल (विजेच्या केबलचं सॉकेट) आहे का बघा. ते असतील आणि ड्रॉप स्टेप नसेल तर फोटो पुन्हा तपासा. ते नसतील आणि तुम्ही ड्रॉप स्टेप लावलीय तर बहुतेक चुकलंय. एकट्याने काम करणाऱ्या जुन्या स्विचरचं टोक खूप मोकळं असतं, कोपऱ्यात पायरीच्या दांड्या आणि मधे फारसं काही नाही, आणि तयार मॉडेलवर मात्र पूर्ण कठडा असतो कारण एकच पार्ट सगळ्या रोडनेमला, म्हणजे वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या आवृत्त्यांना, वापरलेला असतो. तो कापून टाकायला जीव घाबरतो पण कापा, कापल्यावरच इंजिन खरं दिसायला लागतं.

८. तार किती जाडीची घ्यायची? सगळे वेगवेगळं सांगतात.

कारण खऱ्या इंजिनावर पण सगळीकडे एक जाडी नसते, कुठे भरीव सळई तर कुठे पाइप. आणि पाइपच्या नावातच घोळ आहे. पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात १.०५० इंच असतो, एक इंचीचा १.३१५ इंच, सव्वा इंचीचा १.६६० इंच. ड्रॉइंगवर "१ इंच पाइप" वाचून १ इंचाची तार काढली की हँडरेल बारीक होतो.

एचओचा हिशोब असा येतो: १ इंच भरीव सळई म्हणजे ०.२९ मिमी, पाऊण इंची पाइप ०.३१ मिमी, एक इंची पाइप ०.३८ मिमी, सव्वा इंची ०.४८ मिमी. म्हणजे ०.३ आणि ०.४ मिमी अशा दोन तारा घरात असल्या की जवळपास सगळं काम भागतं, ग्रॅब आयर्न आणि उभ्या दांड्यांना ०.३ आणि लांब दांड्यांना ०.४. एनमध्ये हेच आकडे ०.१६ आणि ०.२१ मिमी होतात आणि ओमध्ये ०.५३ आणि ०.७० मिमी.

एनवाल्यांना माझं प्रामाणिक मत असं की ०.१६ ची तार वापरून दुःख करून घेऊ नका, एकदा बोट लागलं की वाकते. ०.२ सगळीकडे वापरा, डोळ्याला फरक कळत नाही आणि मॉडेल हातात घेता येतं. एचओमध्ये मात्र ०.५ मिमीच्या वर जाऊ नका. जुन्या मॉडेलवरचे जाडजूड हँडरेल काढून नुसते ०.४ मिमीचे बसवले, बाकी काहीच केलं नाही, तरी इंजिन वेगळंच वाटायला लागतं.

०.३ च्या तारेला नंबर ८० चं ड्रिल लागतं, ते ०.३४ मिमी असतं. ०.४ ला नंबर ७८ अगदी घट्ट बसतं, ते ०.४१ मिमी.

९. ड्रॉइंग मिळत नाही. फोटोवरून हँडरेलची उंची कशी काढू?

फोटोत असं काहीतरी शोधा ज्याचं माप माहीत आहे. ईएमडी आणि अल्को स्विचरची चाकं ४० इंची, आणि एएआर टाइप ए ट्रकच्या (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याच्या, बोगीच्या) दोन आसांमधलं अंतर ८ फूट. मी चाकापेक्षा हे ८ फूट जास्त वापरतो, मोठं माप असलं की चूक कमी होते, आणि चाक झिजून बारीक होतं पण आस हलत नाहीत. स्क्रीनवर आसांमधले पिक्सेल मोजा, ९६ इंचांना भागा, एका इंचाला किती पिक्सेल ते कळलं की बाकी सगळं मोजता येतं. एचओमध्ये हे अंतर २८ मिमी येतं.

हे फक्त बाजूने सरळ काढलेल्या फोटोवर चालतं. तिरक्या फोटोत लांबीची मापं विसरा, तिथे एकाच ठिकाणची उंची त्याच ठिकाणच्या दुसऱ्या उंचीशी ताडून बघा, म्हणजे दांडीचं वरचं टोक कॅबच्या खिडकीच्या खालच्या कडेला येतं का वर जातं, एवढं. आणि उंचीत नेहमी जवळच्या बाजूला मोजा, पलीकडची दांडी फोटोत बुटकी दिसणारच.

१०. पितळ, फॉस्फर ब्राँझ, स्टील, काय घेऊ?

लांब सरळ दांडीला फॉस्फर ब्राँझ. चुकून धक्का लागला तरी परत जागेवर येते आणि सोल्डर छान घेते. पितळेची तार वाकवायला मऊ, म्हणून कोपऱ्यातल्या वेड्यावाकड्या आकारांना ती बरी, पण धक्का लागला की वाकलेली राहते. साधी स्टीलची गंजते. स्टेनलेस फार कडक आणि अ‍ॅसिड फ्लक्सशिवाय सोल्डर धरत नाही, मी टाळतो.

गुंडाळीतून काढलेली पितळेची तार सरळ नसते. एक टोक व्हाइसमध्ये धरा, दुसरं पक्कडीत, आणि हळूच थोडी ताणा, किंचित लांबली की एकदम सरळ होते. वाकवताना पक्कडीच्या धारेवर काटकोन मारू नका, खऱ्या पाइपला वळण गोलाकार असतं. पक्कडीच्या गोल चोचीवर वाकवा, नाहीतर हँडरेल कागदाच्या क्लिपसारखा दिसतो.

११. माझ्या मॉडेलचे हँडरेल त्या लवचिक प्लास्टिकचे आहेत, वाकडे झालेत आणि रंग पापुद्रे होऊन निघतोय. टाकून देऊ का?

लगेच नको. ते बहुतेक अ‍ॅसिटल प्रकारचं इंजिनीअरिंग प्लास्टिक असतं, तुटत नाही हा त्याचा गुण, आणि त्याला ना रंग चिकटत ना गोंद. वाकडे असतील तर सरळ लाकडी पट्टीला दोऱ्याने ताणून बांधा, खूप गरम पाण्यात मिनिटभर धरा आणि तसंच बांधलेलं थंड होऊ द्या. हातात धरून वाकवलं तर तासाभरात परत जैसे थे.

रंगासाठी आधी भांड्याच्या साबणाने ब्रशने घासून धुवा, पूर्ण सुकवा, मग प्लास्टिकला पकडणारा प्रायमर आणि वर लवचिक राहणारा रंग पातळ थरात. तरीही जिथे हात लागतो तिथे कधीतरी निघेलच, म्हणून मी शेवटी लांब दांड्या तारेने बदलतो आणि प्लास्टिकचे स्टँचियन तेवढे ठेवतो. सुपरग्लूवर भरवसा नको, भोकातून तार आरपार काढून आतून वाकवा, म्हणजे ती यंत्रासारखी अडकून बसते.

१२. सोल्डर करताना एक जोड लावला की शेजारचा सुटतो. आणि दांडी हूडपासून कुठे लांब कुठे जवळ होते. काय करावं?

दोन्हीचं उत्तर एकच, आधी जिग, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारा साचा, बनवा. दांडीचा आकार फोटोवरून काढून लाकडाच्या फळीवर रेखाटा, वाकणाच्या जागी टाचण्या ठोका आणि तार त्यात बसवा, स्टँचियन पण त्याच फळीत उभे करा. सोल्डर करताना शेजारच्या जोडावर ओल्या टिश्यूचा बोळा ठेवा, उष्णता तिथेच मरते. फ्लक्स भरपूर, सोल्डर अगदी चिमूटभर, आणि इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, जोडावर दोन सेकंदांच्या वर नाही. जोड लागला नाही तर थांबा, पुसा, परत फ्लक्स लावा. जास्त वेळ तापवत बसलं की प्लास्टिकचा हूड गेलाच म्हणून समजा, त्यामुळे जमेल तेवढं इंजिनापासून लांब, फळीवरच करा.

हूडपासूनच्या अंतराला अजून सोपं आहे. प्र. ६ मधली अडीच इंच मोकळी जागा एचओमध्ये ०.७३ मिमी होते. पाऊण मिमी जाडीची स्टायरीनची पट्टी हूड आणि तारेच्या मधे सरकवा, तार तिला टेकवून आतून ब्रॅकेटला थेंबभर सुपरग्लू लावा, सुकल्यावर पट्टी ओढून काढा. सगळी दांडी एका रेषेत. हूडवरच्या दांडीचं खरं अंतर फोटोत जास्त दिसत असेल तर जाड पट्टी घ्या, पण यापेक्षा कमी कधीच नको, माणसाचा हातमोज्यातला हात मागे गेला पाहिजे.

१३. कठड्याची साखळी (प्र. ७) कशाची करू?

विकत मिळणाऱ्या बारीक साखळ्यांत एचओसाठी इंचाला ४० कड्यांच्या आसपासची बरी दिसते. काळी करून घ्या, पितळी चमक ठेवू नका. आणि ती ताणलेली नको, खाली थोडी झोल खाल्लेली असू द्या. साखळी हलकी असल्यामुळे आपोआप झोल पडत नाही, पातळ केलेला पांढरा गोंद लावून हवी तशी लोंबवून सुकवायची.

१४. धातूचे हँडरेल बसवल्यापासून इंजिन मधेच थांबतं, शॉर्ट होतं. हँडरेलमुळे होऊ शकतं?

हो, आणि हे लवकर लक्षात येत नाही. अ‍ॅथर्नच्या जुन्या ब्लू बॉक्स मॉडेलांत धातूचं चेसिस एका बाजूच्या रुळाशी जोडलेलं असतं. तुमची तार बॉडीतून आत गेली आणि चेसिसला टेकली की तो हँडरेल पण जिवंत झाला. एकट्या इंजिनात काहीच कळत नाही. पण दुसरं तसंच इंजिन उलटं तोंड करून जोडलं आणि दोघांच्या साखळ्या, कठडे किंवा धातूचे कपलर टेकले की शॉर्ट. डीसीसी (रुळातून डिजिटल सिग्नल देऊन इंजिन चालवायची पद्धत) असेल तर इंजिनातल्या डिकोडर सर्किटच्या जिवावर बेतू शकतं.

आत येणारी तारेची टोकं कमीत कमी ठेवा, आतून टेप लावा आणि बसवून झाल्यावर मीटरने प्रत्येक हँडरेल आणि दोन्ही रूळ असं तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, रंगवण्याआधीच करा.

१५. एका स्टील प्लांटमधल्या स्विचरचा १९९० नंतरचा फोटो आहे आणि त्याला फुटबोर्ड दिसतायत. मग प्र. ५ चं काय?

फोटो खोटा नाहीये. हे फेडरल नियम देशाच्या सर्वसाधारण रेल्वे जाळ्याचा भाग नसलेल्या, फक्त कारखान्याच्या आवारातच चालणाऱ्या लाइनींना लागू होत नाहीत. त्यामुळे तिथे जुनी व्यवस्था राहू शकते, किंवा अर्धवट काढलेली, किंवा प्लांटच्या फॅब्रिकेटरने स्वतःच्या डोक्याने बांधलेले चौकोनी पाइपचे कठडे. म्युझियममध्ये जुन्या रूपात परत आणलेल्या इंजिनांचंही तसंच, फोटो कालचा असला तरी हँडरेल १९४८ चे असू शकतात.

ज्याला नियमाच्या चौकटीत न अडकता बांधायचंय त्याने प्लांटचं इंजिन निवडावं असं मी मनापासून सांगेन. एकेक इंजिन वेगळं, वेल्डिंगच्या खुणांसकट.

१६. स्विचरचा स्लग बनवतोय. हूडच कापला तर हूडवरची दांडी कुठे लावू?

स्लग म्हणजे डिझेल इंजिन काढून टाकलेलं, वजन भरलेलं आणि नुसत्या ट्रॅक्शन मोटर शिल्लक ठेवलेलं युनिट, वीज शेजारच्या इंजिनाकडून घेतं. हूड कमरेएवढा बुटका झाला की त्याच्या अंगाला दांडी लावण्यात अर्थ राहत नाही, धरायला वाकावं लागेल. तिथे फ्रेमच्या कडेला स्टँचियन उभे करून कठडा येतो, म्हणजे प्र. ३ मधलं सगळं उलटं. पायऱ्या आणि उभ्या दांड्या मात्र बाकीच्यांसारख्याच, कारण ब्रेकमन यावरही उभा राहतो.

१७. काउ-काफ जोडीतल्या काफला वेगळे हँडरेल असतात का?

काउ म्हणजे कॅब असलेलं स्विचर आणि काफ म्हणजे त्याच्या जोडीने चालणारं दुसरं युनिट. काफला कॅब नाही. त्यामुळे कॅबच्या दारापाशी संपणाऱ्या दांड्या तिथे कशा संपवल्यात, हूडलाच की टोकाच्या प्लॅटफॉर्मपर्यंत नेऊन, हे बघावं लागतं. साधं इंजिन घेऊन कॅब कापली की काफ झाला असं होत नाही, ती मोकळी झालेली जागा हँडरेलमध्येच दिसते. दोघांच्या मधल्या टोकांसाठी प्र. ७ बघा.

१८. पेन्सिल्व्हेनिया रेलरोडच्या इंजिनाच्या छतावर लांबच लांब हँडरेल दिसतो. तो पण करायचा का?

तो हँडरेल नाही. ती ट्रेनफोनची अँटेना आहे, रुळालगतच्या तारांमार्फत बोलायची त्यांची व्यवस्था होती. दिसायला अगदी खांबांवर टेकलेल्या पाइपसारखी, म्हणून गोंधळ होतो. करायची असेल तर तुमच्या नंबरच्या आणि सालाच्या फोटोत आहे का ते बघूनच करा, नंतर त्या काढल्या गेल्या. आणि तिला पायऱ्यांच्या दांड्यांसारखा पांढरा रंग देऊ नका, एकाने तसं करून मला फोटो पाठवला होता.

१९. शेवटी रंगवताना हँडरेल खरा कसा दिसेल? नवीन दिसतोय फार.

हात जिथे लागतो तिथे रंग झिजतो, आणि खाली दिसतं ते चकाकतं चांदीसारखं लोखंड नसतं, ग्रीस आणि हातमोज्यांच्या घासण्याने काळपट तपकिरी झालेलं असतं. म्हणून चांदीचा रंग अजिबात नको. पायरीच्या उभ्या दांड्यांवर छातीच्या उंचीला, कॅबच्या दाराजवळ आणि वाकणांवर थोडं ब्रशच्या कोरड्या टोकाने मारा. हूडवरच्या लांब दांडीला वरच्या बाजूला धूळ आणि धूर बसतो, तिथे फिकट राखाडी. कठड्याचा खालचा भाग, जिथे कुणी हात लावत नाही, तिथे रंग जवळपास नवा राहतो पण चिखलाचे थेंब असतात.

पांढऱ्या दांड्या पांढऱ्याशुभ्र ठेवू नका. आधी राखाडी पांढरा द्या, मग धरायच्या जागी पातळ तपकिरी थर, आणि पायरीच्या तोंडाशी, जिथे बूट घासतात, तिथे थेट गंजाचा. एवढं झालं की इंजिन खिडकीच्या उजेडात न्या, दिव्याखाली जे बरोबर वाटतं ते तिथे बऱ्याचदा जास्त झालेलं दिसतं.